मास्क लावायच्या आधीची संध्याकाळ

सीपॅप मशीन घरी आलं, पण रात्री दहा वाजले की त्या कोपऱ्याकडे बघवत नाही, असं तू म्हणालीस. मला ते कळतं गं. मीही रोज रात्री मास्क लावूनच झोपते. ओटा आवरून, दूध विरजून, उद्याची भाजी निवडून बाई जेव्हा अंथरुणाला पाठ टेकते, तेव्हा पट्टे सोडवायचं, पाणी भरायचं, नळीचा पीळ काढायचं त्राण तिच्यात उरलेलं नसतं. म्हणून सांगते, मशीनची कामं झोपेच्या वेळेवर ठेवूच नकोस. ती दिवेलागणीच्या सुमाराला उरकायची. अंथरुणात गेल्यावर हातून एवढंच व्हावं: मास्क चढवला, बटण दाबलं, डोळे मिटले.

हे एक बसलं की बाकीचं बरंचसं सोपं होतं. पण त्याआधी तुझ्या मनात जे अडकलंय त्याबद्दल बोलू, कारण अडचण नुसती पट्ट्यांची नाही, हे मला तुझ्या आवाजावरून कळलं.

तुला लाज वाटते. घोरणं हा पुरुषांचा प्रांत, आणि आपल्यालाच त्याचं मशीन लागावं, याची. अगं, पाळी जायच्या सुमाराला आणि गेल्यानंतर स्लीप ॲप्नियाची शक्यता बाईमध्ये चांगलीच वाढते. शिवाय बाईच्या बाबतीत तो नेहमी मोठ्या घोरण्याने ओळख देत नाही. सकाळी डोकं जड, दिवसभर अंग गळालेलं, रात्री उगाचच जाग, दोन-तीनदा बाथरूमला उठणं, कारण नसताना चिडचिड. हे सगळं आपण वयावर, हिमोग्लोबिनवर, थायरॉइडवर घालतो आणि गोळ्या घेत राहतो. तुझी स्लीप स्टडी करायचं डॉक्टरांना सुचलं, हे तुझं नशीब चांगलं म्हण. कितीजणींना ते नावही कुणी सांगत नाही. संगीतकार बप्पी लाहिरी गेले तेव्हा, २०२२च्या फेब्रुवारीत, कारण म्हणून या आजाराचं नाव बातम्यांत आलं, आणि आपल्या ओळखीच्या किती घरांत तेव्हा पहिल्यांदा कुणीतरी विचारलं, ‘म्हणजे नक्की काय होतं?’

होतं ते असं. झोप लागली की घशाचे स्नायू सैलावतात, हवेची वाट मिटते. दहा सेकंद किंवा त्याहून जास्त श्वास अडतो, रक्तातला प्राणवायू उतरतो आणि मेंदू आपल्याला हलवून अर्धवट जागं करतो. ते आपल्याला सकाळी आठवतही नाही. तुझ्या रिपोर्टवर एएचआयपुढे ३४ लिहिलंय, म्हणजे झोपेच्या दर तासाला चौतीस वेळा तुझा श्वास थांबतो किंवा फार मंदावतो. पाचच्या आत असेल तर ठीक मानतात, पाच ते पंधरा सौम्य, पंधरा ते तीस मध्यम, तीसच्या वर तीव्र. आठ तास अंथरुणात पडूनही तू दमलेली का उठतेस, त्याचं उत्तर या आकड्यात आहे. तो आळस नाही, मनाचा कमकुवतपणाही नाही.

आणि घरच्यांना एक गोष्ट दिवसाउजेडी, जेवणाच्या टेबलावर सांगून टाक: हा ऑक्सिजन नाही. कोविडच्या काळात आपण सगळ्यांनी मास्क आणि नळी एकाच अर्थाने पाहिली, त्यामुळे सासूबाईंच्या पोटात गोळा येणं साहजिक आहे. हे मशीन खोलीतलीच हवा आत ओढतं, गाळतं आणि थोड्या दाबाने नाकातून सोडतं. त्या दाबामुळे घशाची वाट उघडी राहते. मुलांना मास्क हातात घेऊन बघू दे, हवा गालावर लागू दे. रात्री दार उघडल्यावर अचानक दिसण्यापेक्षा हे बरं.

ऑस्ट्रेलियातल्या सिडनीत कॉलिन सुलिव्हन नावाच्या डॉक्टरांनी हा उपाय शोधला, १९८१ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांनी तो मांडला. सुरुवातीच्या रुग्णांचे मास्क त्यांच्या नाकाच्या साच्यावरून बनवायचे आणि रोज रात्री चक्क डिंकासारख्या सिलिकोनने चेहऱ्याला चिकटवायचे. तेही ती माणसं रोज करत, कारण सकाळी उठल्यावर मिळणारा तरतरीतपणा त्यांना कितीतरी वर्षांनी मिळत होता. मला हे वाचल्यावर फार धीर आला होता. तुलाही यावा म्हणून सांगितलं.

आता संध्याकाळकडे वळू, पण तिची थोडी तयारी सकाळीच होते.

सकाळी चहाचं आधण ठेवलं की मास्कची उशी, म्हणजे चेहऱ्याला टेकणारा तो मऊ सिलिकोनचा भाग, ओल्या फडक्याने पुसून घ्यायची. मशीनमधल्या, हवा ओलसर ठेवणाऱ्या भांड्यातलं रात्रीचं उरलेलं पाणी टाकून भांडं उघडं वाळत ठेवायचं. आठवड्यातून एकदा मास्क, नळी, भांडं कोमट पाण्यात साध्या सौम्य साबणाने धुऊन सावलीत वाळवायचं. उन्हात नाही, सिलिकोन खराब होतं. डेटॉल, स्पिरिट, ब्लीच यातलं काही वापरू नकोस. ओझोनने साफ करणारी यंत्रं विकायला कुणी आलं तर नको म्हण. अमेरिकेच्या एफडीएने २०२० सालीच त्यांच्याबद्दल सावध केलंय.

संध्याकाळी देवापाशी दिवा लावलास की तिथूनच सरळ मशीनकडे जा. दिवा हे तुझं कधीच न चुकणारं काम आहे, म्हणून मशीनचं काम त्याच्या पाठीला जोडून दे. भांड्यात खुणेच्या रेषेपर्यंत डिस्टिल्ड वॉटर भरायचं. ते औषधाच्या दुकानात मागायचं. आरओचं किंवा उकळलेलं पाणी चालतं असं कुणी म्हणेल, पण त्यात क्षार राहतात आणि भांड्याला पांढरा थर धरतो. गाडीच्या बॅटरीत घालायचं पाणी तर मुळीच नाही, आपण ती वाफ श्वासात घेणार असतो. फिल्टर एकदा डोळ्यांखालून घालायचा. कंपनी महिन्याने बदला म्हणते, पण रस्त्यालगतच्या घरात, शेजारी बांधकाम चालू असेल तर तो आधीच काळवंडतो. काळा दिसला की बदल, तारखेची वाट बघू नको. नळीचा पीळ काढून ती उशीच्या बाजूला नीट ठेवायची, पट्टे सुटे करून मास्क उशीपाशी. झालं. भाजीला फोडणी घालायला लागतो तेवढासुद्धा वेळ यात जात नाही.

मशीन कुठे ठेवायचं, यालाही थोडं डोकं लागतं. डोक्याच्या पातळीपेक्षा जरा खाली, म्हणजे नळीत साचलेलं पाणी नाकाकडे येत नाही. पलंगाशेजारी बुटकं स्टूल उत्तम. तू गादी जमिनीवर घालतेस, तर निदान पाटावर तरी ठेव. थेट फरशीवर धूळ फार ओढली जाते. पडद्याच्या किंवा भिंतीच्या अगदी कडेला लावून हवेची वाट बंद करू नको. आणि पाणी भरलेलं असताना ते उचलून तिरकं करू नको, पाणी मोटरमध्ये जातं.

हे मशीन खोलीतली हवा ओढतं म्हटलं ना, म्हणून झोपायच्या खोलीत डासांची कॉइल, धूप, अगरबत्ती आजपासून बंद. तो धूर तू रात्रभर दाबाने आत घेशील. डासांसाठी मच्छरदाणी लाव. नळी खालच्या कडेने आत घेता येते आणि गादीखाली जाळी खोचली की फट राहत नाही. देवघर त्याच खोलीत असेल तर उदबत्ती हॉलमध्ये, एवढं देवालाही चालेल.

बायकांच्या मास्कच्या काही गोष्टी माहितीपत्रकात नसतात, त्या मी सांगते. रात्री चेहऱ्याला क्रीम, नाकाला तूप, कपाळाला बाम, यातलं काहीही लावलंस की सिलिकोन घसरतं आणि कडेने हवा गळते. चेहरा धुऊन कोरडा करायचा. क्रीम लावायचंच असेल तर ते संध्याकाळी लवकर, म्हणजे झोपेपर्यंत मुरतं. डोक्याला तेल लावायचं असेल तर रविवारी सकाळी लाव, रात्री लावलंस तर पट्टे बुळबुळीत होऊन सरकतात आणि लवकर सैल पडतात. मागे अंबाडा असेल तर पट्ट्यांची जागा चुकते. सैल वेणी घालून ती एका खांद्यावरून पुढे घे. चमकी मोठी असेल किंवा फिरकी टोचत असेल तर झोपताना काढून ठेव, नाहीतर नेमकी तिथूनच हवा शिट्टी वाजवते. कपाळावर टेकणारा मास्क असेल तर टिकली काढायची. मंगळसूत्र लांब असेल तर नळीत अडकतं, ते ब्लाउजच्या आत घे किंवा काढून ठेव. तुझ्या मनाला काय पटतं ते तू ठरव.

आता पट्टे. तू म्हणालीस सकाळी नाकावर लाल वळ उठतात. म्हणजे तू मास्क करकचून बांधतेस. गळती झाली की आपला हात पहिल्यांदा पट्टे आवळायला जातो, पण आवळल्यावर उशीची कड दुमडते आणि गळती वाढते. मास्क चेहऱ्यावर हवेच्या दाबाने फुगून बसायला हवा, त्याला तेवढी मोकळीक लागते. आणि तो बसवायचा आडवं होऊन, मशीन चालू ठेवून. बसल्यावर आपल्या गालांची ठेवण वेगळी असते, झोपल्यावर वेगळी. एकदा दुपारी निवांत आडवी हो, उशीवर डोकं टेक, मशीन चालू कर आणि एक-एक पट्टा थोडा-थोडा सैल करत बघ, कुठपर्यंत हवा बाहेर येत नाही. त्या जागी पट्ट्यावर पेनने खूण कर. पुढे धुतल्यावर पट्टा पुन्हा त्या खुणेवरच लावायचा. एवढं करूनही वळ राहिले, कातडी सोलली, तर मास्कचा आकारच चुकलाय. मग विक्रेत्याकडे जाऊन दुसरा लावून बघायचा आग्रह धर. नाकावर बसणारा, नाकपुड्यांशी फक्त टेकणारा, नाक-तोंड दोन्ही झाकणारा, असे प्रकार असतात. कोंडल्यासारखं होणाऱ्या बाईला बहुतेकदा तो नाकपुड्यांचा छोटा बरा वाटतो. तोंड उघडं पडून घसा कोरडा होत असेल तर तोंड झाकणारा मास्क किंवा हनुवटीचा पट्टा लागेल, हे डॉक्टरांशी बोलून ठरव.

तुला कोंडल्यासारखं होतं, छाती धडधडते, हे मी विसरलेले नाही. त्यावर रात्री झगडायचंच नाही. संध्याकाळची मालिका बघताना मास्क नुसता हातात धरून नाकाशी ने, बाजूला कर. काही दिवसांनी पट्टे लावून, मशीन बंद ठेवून. मग मशीन चालू करून, भाजी निवडत, पुस्तक वाचत. मग दुपारच्या झोपेला. जी पायरी सहज वाटू लागली तिच्यावर आणखी दोन दिवस थांब आणि मगच पुढे जा. घाई करणाऱ्या बायका मध्येच सोडून देतात, हे मी पाहिलंय. मशीनवर ‘रॅम्प’ नावाची सोय असते. ती लावली की दाब अगदी कमी, बहुतेक चारच्या आकड्याच्या आसपास सुरू होतो आणि तुला झोप लागेपर्यंत हळूहळू चढतो. श्वास सोडताना दाब उतरवणारीही एक सोय असते. तुझ्या मशीनवर या दोन्ही चालू आहेत का, ते विक्रेत्याला उद्याच विचार. मूळ दाब मात्र स्वतः बदलू नकोस, तो डॉक्टरांनी तुझ्यासाठी ठरवलेला असतो.

झोपायच्या आधीचा अर्धा तास फार जप. रात्रीचं जेवण त्याच्या बरंच आधी होऊ दे. भरल्या पोटी मास्क लावला तर हवा पोटात जाऊन ढेकर, गुबारा, आंबट पाणी, सगळं सुरू होतं. तसं होतच राहिलं तर उशाकडचा भाग थोडा उंच कर आणि डॉक्टरांना सांग. नाक चोंदलेलं असेल तर आधी ते मोकळं करायचं. जलनेती येत असेल तर उकळून गार केलेल्या पाण्याने, नाहीतर साध्या सलाइनच्या स्प्रेने. मग पाय धुऊन घे, दिवे मंद कर, फोन हॉलमध्ये चार्जिंगला लाव. अनुलोम-विलोम तुझं रोजचंच आहे. ते सकाळवरून रात्रीवर आण. पाचेक मिनिटं, बसून. त्याच श्वासाच्या लयीत मास्क चढव आणि पहिले काही श्वास तोंड मिटून, नाकाने, सोडणं लांबवत घे. माझ्यासाठी या सगळ्या दिनक्रमातला हा सगळ्यात सुंदर भाग आहे. मशीनशी झटापट चालू असते तेव्हा आपण श्वास ओढायला बघतो, आणि त्यानेच गुदमरतं. हवा आपल्याकडे येतेच आहे. तिला येऊ द्यायचं, एवढंच शिकावं लागतं, आणि अनुलोम-विलोम करणाऱ्या बाईला ते लवकर जमतं.

झोप येत नाही म्हणून मैत्रिणीची झोपेची गोळी घेऊ नकोस. घशाचे स्नायू आणखी सैल करणारी औषधं असतात त्यात. यजमानांना सोबत म्हणून तू कधी दारूचा एखादा पेला घेत असशील, तर मशीन चांगलं बसेपर्यंत तोही नको.

मधेच बाथरूमला जायचं झालं तर मास्क काढू नको. नळी जिथे मास्कला जोडलीय तिथे दाबून सोडवता येते. तेवढी सोडव, मशीन बंद कर, जाऊन ये, पुन्हा लाव. अर्धवट झोपेत पट्टे काढले तर पुन्हा लावायला हात धजत नाही. आणि रात्री उठणंही कमी होत जाईल, बघ. श्वास अडला की छातीवर ताण येतो, हृदय मूत्रपिंडांना पाणी बाहेर टाकायचा निरोप देतं. श्वास सुरळीत झाला की तो निरोप बऱ्याचदा थांबतो.

पहाटे तीनला मास्क काढून बाजूला ठेवतेस, ‘अर्धी रात्र तर झाली ना’ म्हणतेस, ते मात्र सोड. स्वप्नांची झोप रात्रीच्या शेवटच्या भागात जास्त असते आणि तेव्हाच शरीर सगळ्यात सैल पडतं, कितीतरी जणींचे श्वास तेव्हाच सर्वांत जास्त अडतात. म्हणजे ज्या वेळी मशीन सर्वांत जास्त हवं, नेमकं त्याच वेळी ते बाजूला पडतं. रोज चार तास लावलं तरी चालतं असं कुणी सांगितलं असेल. तो हिशेब विम्यासाठी आणि आकडेवारीसाठी आहे. शरीराला पूर्ण रात्र लागते. दुपारी लवंडलीस तरीही मास्क लाव.

नळीत पाणी गुडगुडलं तर घाबरू नको. एसी चालू असताना किंवा थंडीत उबदार ओली हवा गार नळीत पाणी सोडते. दमटपणाचा आकडा एकाने खाली आण, नळी पांघरुणाखाली घे किंवा तिला जुन्या लोकरीच्या कापडाची गवसणी शिव. पावसाळ्यात दमटपणा कमी लागतो, डिसेंबरात जास्त. मास्कवरची छोटी भोकं मात्र पांघरुणाने झाकू नकोस, श्वासातली हवा तिथूनच बाहेर पडते. शेजारी झोपणाऱ्याला तिथून वारा लागत असेल तर मास्क थोडा वळव. मशीनचा आवाज तीस डेसिबलच्या आत असतो, तुझ्या घोरण्यापेक्षा खूपच कमी; हे यजमानांनी कबूल केलं तर मला सांग!

तुमच्याकडे लाइट जाते. मग मशीन थांबतं, जाग येते, मास्क काढायचा, एवढंच. पण वारंवार होत असेल तर इन्व्हर्टरवाल्याला मशीनचे वॉट दाखवून विचार. पाणी तापवण्यातच वीज जास्त जाते. ती सोय त्या रात्रीपुरती बंद केलीस तर बॅटरी बरीच टिकते. गावी जाताना रेल्वेतल्या प्लगवर भिस्त ठेवू नको, रात्री ते बंद असू शकतात. विमानात मशीन हातातल्या सामानात, आणि पाण्याचं भांडं रिकामं करून.

काकूंचं जुनं मशीन पडून आहे, ते घेऊ का, असं कुणी म्हणालं तर थांब. दाब प्रत्येकाचा वेगळा. शिवाय २०२१च्या जूनमध्ये फिलिप्सने आतला फोम झिजून कण श्वासात जाण्याच्या शंकेने लाखो मशीन परत मागवली होती. जुनं मशीन कुठल्या वर्षाचं आहे हे पाहिल्याशिवाय हात लावायचा नाही. आणि काही मास्कच्या कड्यांत लोहचुंबक असतात. तुझ्या घरी सासऱ्यांना पेसमेकर आहे. म्हणून चुंबकाचा मास्क त्यांच्या छातीजवळ, वीतभर अंतराच्या आत नेऊ नको. शक्य असेल तर चुंबक नसलेला मास्कच माग.

पुढच्या भेटीला मशीन आणि मास्क दोन्ही घेऊन जा. आत तुझे रात्रीचे तास, गळती, उरलेला एएचआय सगळं नोंदलेलं असतं. तो आकडा पाचच्या खाली आला का, हे डॉक्टरांना विचारून घे. वजन कमी झालं तर दाब कमी लागू शकतो, पण पुन्हा तपासणी केल्याशिवाय मशीन सोडायचं नाही. आणि कधी ऑपरेशन ठरलं, गुडघ्याचं असो की पित्ताशयाचं, तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांग की मला स्लीप ॲप्निया आहे आणि मी सीपॅप लावते. दवाखान्याच्या बॅगेत साडी-टॉवेलच्या आधी मशीन भर.